गोवर्गीय हर्पिस विषाणूंतील दडलेली जनुके कशी शोधावीत: नमुन्यापासून पुराव्यापर्यंत

बोव्हाइन हर्पिसव्हायरस-1, म्हणजे बीओएचव्ही-1, हा गुरांच्या श्वसनमार्गाचा व जननमार्गाचा आजार घडवणारा विषाणू आहे. त्याचा जीनोम सुमारे 135 हजार बेसजोड्यांचा असून त्यात सत्तरच्या आसपास जनुके नोंदलेली आहेत. ही नोंद अपुरी असावी, असे मानायला सबळ कारणे आहेत. मानवी सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या हर्पिस विषाणूचा अभ्यास 2012 साली रायबोसोम प्रोफायलिंगने (रायबोसोम आरएनएवर कुठे बसले आहेत हे पाहणाऱ्या पद्धतीने) झाला, तेव्हा प्रत्यक्ष भाषांतरित होणाऱ्या 751 वाचनचौकटी, म्हणजे थांबा न येता सलग वाचता येणारे क्रमाचे पट्टे, समोर आल्या. हर्पिस सिम्प्लेक्स-1 या चांगल्या परिचित विषाणूतही 2020 मध्ये 284 वाचनचौकटी मांडल्या गेल्या. बीओएचव्ही-1 बाबत 2018 मध्ये प्रोटिओजीनोमिक (प्रथिने व जीनोम एकत्र तपासणाऱ्या) पद्धतीने प्रथिन बनवणारे एक नवे जनुक सापडले आणि 2020 मध्ये दीर्घवाचन (लांब तुकडे सलग वाचणाऱ्या) सीक्वेन्सिंगने त्याच्या प्रतिलेखांचे, म्हणजे डीएनएवरून उतरलेल्या आरएनए प्रतींचे, कालानुक्रमिक चित्र पुढे आले. ज्यांच्याकडे पेशीसंवर्धनाची साधी सोय, सीक्वेन्सिंगची बाहेरून करून घेता येणारी सेवा आणि पुरेशी चिकाटी आहे, त्यांनी हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या विषाणूत नवी वाचनचौकट सापडणे ही बातमीच नव्हे, कारण अशा चौकटी शेकड्यांनी सापडतात. आपल्या हाती आलेली चौकट निव्वळ योगायोगाची नाही, हे दाखवणे हेच खरे काम आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

चौकटीच्या लांबीवर विश्वास का ठेवू नये

बीओएचव्ही-1 च्या जीनोममध्ये जी आणि सी या बेसचे प्रमाण सुमारे 72 टक्के आहे. थांबा सांगणारे तिन्ही कोडॉन (तीन-तीन बेसचे शब्द), टीएए, टीएजी आणि टीजीए, मात्र ए आणि टी यांनी भरलेले आहेत. साहजिकच अशा जीनोममध्ये ते क्वचित येतात. हिशेब करून पाहावा: ए आणि टी यांची शक्यता प्रत्येकी 0.14 आणि जी व सी यांची प्रत्येकी 0.36 धरली, तर यादृच्छिक क्रमात थांबा-कोडॉन सरासरीने 59 कोडॉनांमागे एकदा येतो. चारही बेस समप्रमाणात असते, तर तो 21 कोडॉनांमागे एकदा आला असता. सलग 100 कोडॉन थांब्याविना जाण्याची शक्यता समप्रमाणात एक टक्क्याहूनही कमी असते, ती येथे 18 टक्क्यांवर जाते. सहाही चौकटींत मिळून पाहिले, तर 135 हजार बेसजोड्यांच्या निव्वळ यादृच्छिक क्रमातही 100 कोडॉनांहून लांब असे आठशेच्या वर मोकळे पट्टे निघतील. समप्रमाणाच्या क्रमात ते शंभराच्या आसपासच असतील.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. आरंभाचा एटीजी हा कोडॉनही ए-टीने जड असल्यामुळे येथे सुमारे 142 कोडॉनांमागे एकदाच येतो. त्यामुळे 'चौकट एटीजीपासूनच मोजायची' अशी अट घातली की यादी एकदम आटोपशीर होते, आणि तिच्याबरोबर एटीजीऐवजी सीटीजीसारख्या कोडॉनापासून सुरू होणारी खरी प्रथिनेही गळून जातात. उलट सीटीजीलाही मोकळीक दिली की यादी पुन्हा फुगते. म्हणून संगणकी यादी ही उमेदवारांची यादी एवढ्याच अर्थाने तयार करावी. अटी सैल ठेवाव्यात आणि गाळणी प्रयोगांवर सोपवावी.

संगणकी पातळीवर उपयोगी पडणारी एक खूण मात्र आहे. खऱ्या जनुकांमध्ये कोडॉनाच्या तिसऱ्या जागेवर जी किंवा सी यांचे प्रमाण बहुधा जीनोमच्या सरासरीपेक्षाही बरेच चढलेले असते, कारण त्या जागेवरील बदल अमिनो आम्लाला सहसा धक्का लावत नाहीत. कोणत्या चौकटीत हा चढ दिसतो, याचा आलेख काढला की नेहमीची जनुके उठून दिसतात. पण दुसऱ्या जनुकाच्या पोटात किंवा त्याच्या उलट धाग्यावर असलेल्या जनुकाला ही कसोटी लावता येत नाही, कारण तेथे तिसरी जागा कोणाची, हेच दोन जनुकांमध्ये वाटलेले असते. जोडीला बीओएचव्ही-5 सारख्या जवळच्या नातेवाइकाशी तुलना करावी. त्याचा जीनोम 138 हजार बेसजोड्यांच्या घरात असून जी-सी प्रमाण सुमारे 75 टक्के आहे. चौकट दोन्ही विषाणूंत टिकली असेल, तर तिचे वजन वाढते. मात्र ती एखाद्या मोठ्या जनुकाच्या आत असेल, तर टिकाव त्या मोठ्या जनुकामुळेही असू शकतो.

आपला विषाणू, आपला जीनोम

बीओएचव्ही-1 चा संदर्भ जीनोम म्हणून दीर्घकाळ वापरला गेलेला क्रम, 135,301 बेसजोड्यांचा, हा वेगवेगळ्या स्ट्रेनचे (विषाणूच्या उपप्रकारांचे) तुकडे जोडून तयार झालेला आहे. त्याच्यावर सगळी मांडणी उभारली, तर एखाद्या बेसच्या फरकाने चौकट तुटलेली किंवा जुळलेली दिसेल आणि ते कळणारही नाही. म्हणून पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे हाती असलेल्या स्ट्रेनचे प्लाक-शुद्धीकरण करून (एकाच कणापासून वाढलेल्या डागातून विषाणू वेगळा काढून) त्याचा डीएनए स्वतंत्रपणे सीक्वेन्स करून घेणे. येथे दीर्घवाचन आणि लघुवाचन दोन्ही वापरावे. जी-सी जास्त असलेल्या पुनरावृत्त भागांत लघुवाचन अडखळते, तर एकाच बेसच्या लांब रांगांमध्ये दीर्घवाचन चुकते.

जीनोमची रचनाही समजून घ्यावी. एक लांब अनन्य भाग, एक आखूड अनन्य भाग आणि त्या आखूड भागाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या उलट असलेले पुनरावृत्त पट्टे, असा हा घाट आहे. बीआयसीपी4 सारखी अतिशीघ्र जनुके, म्हणजे संसर्ग होताच सर्वांत आधी चालू होणारी जनुके, या पट्ट्यांत असल्यामुळे त्यांच्या दोन-दोन प्रती असतात. वाचने (सीक्वेन्सिंगने वाचलेले तुकडे) संदर्भावर बसवताना अनेक प्रणाली 'दोन ठिकाणी बसते' म्हणून अशी वाचने टाकून देतात आणि नेमकी महत्त्वाची जनुके रिकामी दिसतात. सोपा उपाय म्हणजे पुनरावृत्त पट्ट्याची एक प्रत झाकून वाचने बसवणे.

दुसरा सापळा टोकांचा आहे. विषाणूकणात सरळ असलेला जीनोम पेशीत गेल्यावर वर्तुळाकार होतो आणि टोके जोडली जातात. 1993 मध्ये वर्णिलेले सर्क जनुक याच जोडावरून प्रतिलेखित होते. सरळ संदर्भावर काम करणाऱ्याला ते कधीच पूर्ण सापडले नसते. म्हणून टोके जोडलेला दुसरा संदर्भही तयार ठेवावा.

पेशींसाठी एमडीबीके ही गाईच्या मूत्रपिंडापासूनची पेशीमालिका सर्वत्र वापरली जाते. तिच्यात, तसेच पेशी वाढवायला वापरल्या जाणाऱ्या वासराच्या रक्तद्रव्यात, बोव्हाइन व्हायरल डायरिया विषाणूचा संसर्ग नकळत असू शकतो. तो आरएनए विषाणू असल्यामुळे त्याची वाचने आणि पेप्टाइडे आपल्या विदेत थेट मिसळतात. प्रयोगाआधी आरटी-पीसीआरने त्याची चाचणी करावी, मायकोप्लाझ्माचीही करावी, आणि तरीही विश्लेषणाच्या वेळी त्याचा क्रम संदर्भसंचात घालावा, म्हणजे भरकटलेली वाचने स्वतःच्या जागी जाऊन बसतील.

संसर्गाचा कालक्रम

प्रत्येक पेशीला एकाच वेळी संसर्ग व्हावा म्हणून पेशीमागे सुमारे पाच संसर्गक्षम कण द्यावेत. संसर्गानंतर 1, 2, 4, 6, 8, 12 आणि 24 तासांनी नमुने घ्यावेत, प्रत्येक वेळी संसर्ग न केलेल्या पेशींचा जोडनमुना घ्यावा आणि सगळा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा करावा. त्याच दिवशी त्याच बाटलीतून घेतलेले तीन नमुने ही तांत्रिक पुनरावृत्ती होय. ती तीन जैविक पुनरावृत्तींच्या जागी मोजू नये.

दोन औषधांचे नमुने जरूर जोडावेत. सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिननिर्मिती थांबवली, तर अतिशीघ्र जनुकांचेच प्रतिलेख साठतात. फॉस्फोनोअसेटिक आम्लाने विषाणूच्या डीएनएची नक्कल रोखली, तर खरे उशिराचे प्रतिलेख गायब होतात. नव्या चौकटीचा प्रतिलेख अतिशीघ्र, शीघ्र आणि उशिराचा या तीन वर्गांपैकी एकात नीट बसत असेल, तर त्याच्यामागे नियमन आहे असे म्हणता येते. सर्व वेळी आणि सर्व उपचारांत सारखाच कुजबुजणारा प्रतिलेख संशयास्पद समजावा. संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात हर्पिस विषाणूचा जवळजवळ संपूर्ण जीनोम दोन्ही दिशांनी थोडाफार प्रतिलेखित होतो, त्यामुळे केवळ 24 तासांच्या नमुन्यावर कोणताही दावा करू नये.

आरएनएचा पुरावा

डीएनए नष्ट करणारा डीएनएज उपचार दोनदा करावा आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे एन्झाइम) न घातलेला नियंत्रण-नमुना ठेवावा. संसर्गाच्या उत्तरार्धात पेशीत विषाणूचा डीएनए इतका असतो की त्याचा अंशही आरएनएच्या वेषात पुढे जातो.

लघुवाचनाची लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) प्रतिलेख डीएनएच्या कोणत्या धाग्यावरचा, हे ओळखणारीच असावी, पण तिच्या शुद्धतेवर आंधळा विश्वास नको. समजा, एका जनुकावर 50 हजार वाचने आली आणि धाग्याची ओळख एक टक्का चुकली, तर उलट धाग्यावर 500 वाचनांचे 'जनुक' तयार होते आणि त्याची सीमा मूळ जनुकाशी तंतोतंत जुळते. या तंतोतंतपणावरूनच ते पकडावे. खऱ्या उलट प्रतिलेखाची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट असतो. बाहेरून घातलेल्या, धागा माहीत असलेल्या नियंत्रण-आरएनएवरून गळतीचे प्रमाण मोजावे आणि प्रत्येक जागी उलट वाचने त्या गळतीपेक्षा अनेक पटींनी जास्त आहेत की नाहीत, हे तपासावे. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनच्या वेळी ॲक्टिनोमायसिन-डी घातल्यास खोटा दुसरा धागा बराच कमी होतो.

हर्पिस विषाणूंची एक सवय लघुवाचनाला कायम चकवते. शेजारची अनेक जनुके प्रतिलेखाचा शेवट ठरवणाऱ्या एकाच पॉलि-ए संकेतावर संपतात, त्यामुळे एक लांब प्रतिलेख आणि त्याच्या पोटातील दोन-तीन आखूड प्रतिलेख एकमेकांवर रचलेले असतात. यूएल26 आणि त्याच्या आत, त्याच चौकटीत सुरू होणारे यूएल26.5 ही याची परिचित जोडी. येथे दीर्घवाचनाला पर्याय नाही. थेट आरएनए वाचणारे नॅनोपोअर सीक्वेन्सिंग धागा निश्चित सांगते, मात्र प्रतिलेखाच्या सुरुवातीचे डझनभर बेस त्यात गळतात आणि अर्धवट तुटलेले रेणू नव्या आरंभबिंदूंसारखे दिसतात. म्हणून आरंभबिंदूंसाठी सुरुवातीच्या टोकावर कॅप (रासायनिक टोपण) असलेले रेणू निवडणारी वेगळी पद्धत वापरावी आणि दोन्ही पद्धती काही बेसच्या अंतरात एकमत होतील, तेथेच आरंभ मानावा.

कापजोडीच्या, म्हणजे प्रतिलेखाचा मधला भाग कापून टोके जोडली जाण्याच्या, बाबतीत विशेष कठोर असावे. जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखाच पाच-सहा बेसचा तुकडा आढळला, तर बहुतेक वेळा तो नक्कल करताना एन्झाइमने मधेच एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारल्याचा परिणाम असतो. कापल्या जाणाऱ्या भागाच्या टोकांची जीटी-एजी खूण, स्वतंत्र पुनरावृत्तींमधील हजेरी आणि थेट आरएनए वाचनातील दुजोरा, या तिन्ही गोष्टी असाव्यात. बीओएचव्ही-1 मध्ये खऱ्या कापजोडी थोड्याच आहेत. यूएल15 आणि अतिशीघ्र प्रतिलेख ही ठळक उदाहरणे आपल्या विदेत नीट दिसतात की नाही, हे आधी पाहावे. ती दिसली नाहीत, तर नव्याचा शोध लांबच राहिला.

रायबोसोमचा पुरावा

प्रतिलेख सापडला म्हणजे त्यावरून प्रथिन बनतेच असे नाही. रायबोसोम प्रोफायलिंगमध्ये न्यूक्लिएजने उघडा आरएनए खाल्ला जातो आणि रायबोसोमने झाकलेले 28 ते 30 बेसचे तुकडे उरतात, त्यांचे सीक्वेन्सिंग होते. खरे भाषांतर होत असेल, तर हे तुकडे तीन-तीन बेसच्या पावलांनी पडतात. आधी ज्ञात जनुकांवर ही पावले स्पष्ट दिसतात का, ते तपासावे. हॅरिंगटोनीन घातलेल्या नमुन्यात रायबोसोम आरंभ-कोडॉनावर साठतात, त्यामुळे एटीजी नसलेले आरंभही सापडतात.

एकमेकांवर आलेल्या दोन चौकटींत मात्र मोठ्या जनुकाची पावले लहानाची पावले झाकून टाकतात. अशा ठिकाणी आरंभ-कोडॉनावरील साठा हाच मुख्य आधार उरतो. आणखी एक सावधगिरी: जनुकाच्या पुढच्या भागातील छोट्या चौकटींवर रायबोसोम थांबतात, पण त्यांचे काम पुष्कळदा पुढील जनुकाच्या भाषांतरावर लगाम ठेवणे एवढेच असते आणि त्यांतून टिकाऊ प्रथिन निघत नाही. त्यांना 'भाषांतरित चौकट' म्हणावे, 'नवे प्रथिन' म्हणू नये.

पेप्टाइडचा पुरावा

मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे पेप्टाइडे (प्रथिनांचे तुकडे) वस्तुमानावरून ओळखताना, बहुतेक जण अडखळतात ते शोधसंचापाशी, म्हणजे ज्या क्रमांच्या यादीत जुळणी शोधायची तिच्यापाशी. सहाही चौकटींचे भाषांतर, गाईचा संपूर्ण प्रथिनसंच, रक्तद्रव्यातील प्रथिने, केराटिन व ट्रिप्सिन यांसारखी नेहमीची अशुद्धी आणि डायरिया विषाणू, हे सर्व एकत्र ठेवून शोध घ्यावा. मात्र चुकीचे प्रमाण नव्या पेप्टाइडांसाठी वेगळे काढावे. समजा, एकूण 40 हजार जुळण्या एक टक्का चुकीच्या मर्यादेत स्वीकारल्या, तर सुमारे 400 जुळण्या खोट्या असतील. नव्या चौकटींच्या वाट्याला एकूण 50 जुळण्या आल्या असतील, तर त्या सगळ्या त्या 400 मधल्याच असण्याला कोणाची आडकाठी नाही.

ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनीन यांच्यानंतर कापते, पण त्यापुढे प्रोलिन असेल तर सहसा कापत नाही. जी-सी भरलेल्या जीनोमच्या प्रथिनांत ॲलानिन, ग्लायसिन, प्रोलिन आणि आर्जिनीन यांची रेलचेल असते, लायसिन कमी असते. परिणामी कुठे चार-पाच अमिनो आम्लांचे निरुपयोगी तुकडे पडतात, तर कुठे साठ-सत्तरचा अखंड पट्टा राहतो. दोन्ही यंत्राच्या नजरेतून सुटतात. म्हणून ग्लु-सी किंवा कायमोट्रिप्सिनने केलेले दुसरे पचन जोडावे. आधी संगणकावर उमेदवार-प्रथिनाचे पचन करून पाहिल्यास कोणते एन्झाइम वापरावे, हे काही मिनिटांत कळते. छोटी प्रथिने गाळणीतून निसटून जाऊ नयेत म्हणून ट्रायसिन जेलवर दहा-पंधरा किलोडाल्टनखालचा भाग वेगळा कापून घ्यावा.

सापडलेले प्रत्येक नवे पेप्टाइड गाईच्या प्रथिनांशी पुन्हा ताडावे. एकाच अमिनो आम्लाने वेगळे असलेले, किंवा ल्युसिन-आयसोल्युसिन यांच्या समान वस्तुमानामुळे अभेद्य ठरलेले गाईचे पेप्टाइड अनेकदा विषाणूच्या नावावर खपते. दोन अनन्य पेप्टाइडे असावीत. लहान प्रथिनात एकच शक्य असेल, तर ते कृत्रिमरीत्या बनवून घ्यावे आणि त्याचा स्पेक्ट्रम व स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ आपल्या नमुन्याशी जुळवावी. या एका कसोटीवर खर्च करणे मला इतर कोणत्याही खर्चाहून जास्त सार्थ वाटते. प्रथिनाच्या टोकाचे ॲसेटिलयुक्त पेप्टाइड मिळाले, तर आरंभ-कोडॉनही त्याच पुराव्याने निश्चित होतो.

जनुक बंद करून पाहणे

येथवर 'हे बनते' एवढेच सिद्ध झाले. ते काही करते का, हे पाहण्यासाठी विषाणूचा जीनोम जिवाणूतील कृत्रिम गुणसूत्रात ठेवून त्यात नेमका बदल करावा. दडलेले जनुक बहुधा दुसऱ्याच्या अंगावर असते, म्हणून ते पूर्ण कापून टाकता येत नाही. मोठ्या जनुकाचे प्रथिन अबाधित ठेवून लहानाचा आरंभ मोडावा लागतो.

हे कसे साधते, ते पाहा. लहान जनुकाचा एटीजी मोठ्या जनुकाच्या चौकटीत दोन प्रकारे विभागलेला असू शकतो. पहिल्या प्रकारात ए आणि टी हे मोठ्या जनुकाच्या एका कोडॉनाचे दुसरे व तिसरे बेस असतात आणि जी पुढच्या कोडॉनात जातो. तेव्हा टीच्या जागी सी घातला की एटीजीचा एसीजी होतो, आणि मोठ्या जनुकात एटीने संपणारा कोडॉन एसीने संपतो. टायरोसिन, हिस्टिडीन, ॲस्पाराजीन आणि ॲस्पार्टिक आम्ल या चारही ठिकाणी हा बदल निःशब्द असतो, म्हणजे अमिनो आम्ल तेच राहते. दुसऱ्या प्रकारात फक्त ए हा मोठ्या कोडॉनाचा तिसरा बेस असतो. तेव्हा एच्या जागी जी घालावा. उदाहरणार्थ, जीसीएचा जीसीजी झाला तरी ॲलानिनच राहते आणि एटीजीचा जीटीजी होतो. एसीजी व जीटीजी यांवरून अधूनमधून अल्प भाषांतर होऊ शकते, म्हणून थोडे पुढे, तितकाच निःशब्द असा थांबा-कोडॉनही घालावा.

बदललेल्या विषाणूसोबत तोच बदल परत दुरुस्त केलेला विषाणू तयार करावा आणि दोघांचे पूर्ण जीनोम सीक्वेन्स करावेत. वाढीचा आलेख, प्लाकचा आकार आणि शेजारच्या जनुकांच्या प्रतिलेखांची पातळी तिघांमध्ये ताडावी. मूळ व दुरुस्त विषाणू सारखे आणि बदललेला वेगळा, असे दिसले तरच फरक त्या जनुकाचा. एमडीबीकेमध्ये फरक दिसला नाही, म्हणून जनुक निरुपयोगी ठरत नाही. यूएल49.5 हे अवघ्या 96 अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीतील टॅप या, पेप्टाइडे वाहून नेणाऱ्या, वाहकाला अडवून रोगप्रतिकारक पेशींपासून संसर्ग लपवते, आणि असे काम केवळ वाढीच्या आलेखात दिसणार नाही. तसेच सुप्तावस्थेत, ट्रायजेमिनल गँग्लियनच्या (चेहऱ्याच्या चेतेच्या गाठीच्या) चेतापेशींत, सुप्तिसंबंधित जनुकाचेच प्रतिलेख मुबलक असतात, त्यामुळे मूत्रपिंडाच्या पेशींवरील निष्कर्ष तेथे लागू करू नयेत. त्या कामासाठी प्राण्यांवरील प्रयोगांची रीतसर परवानगी आणि वेगळी आखणी लागते.

नोंद करताना

यूएल3.5, यूएल26.5, यूएल49.5 ही नावे पाहिली की दशांशातली जनुके मागाहून सापडली, हे लगेच कळते. नव्याला नाव देताना हीच रीत शक्य तेथे पाळावी. प्रत्येक चौकटीपुढे पुराव्याची पायरी लिहावी: फक्त संगणकी, प्रतिलेख सिद्ध, भाषांतर सिद्ध, पेप्टाइड सिद्ध, कार्य सिद्ध. स्ट्रेनचा पूर्ण क्रम जेनबँक या जनुकक्रमांच्या संग्रहात, कच्ची वाचने सार्वजनिक संग्रहात आणि स्पेक्ट्रम प्राइड या प्रथिनविदेच्या संग्रहात द्यावेत. कसोटीत नापास झालेल्या उमेदवारांची यादीही कारणांसह जोडावी. जीईविरहित (विषाणूचे जीई हे प्रथिन काढलेल्या) लसीसारखी लस घडवताना जीनोमचा कोणता तुकडा काढला तर आणखी काय जाते, हे ठरवणाऱ्याला पास झालेल्यांइतकीच ती यादीही लागते.